डोकं कुणाचं, हँडल कुणाचं

धारच्या आमच्या जमीन मोजणीच्या ऑफिसात शेतं मोजून संपतात भिया, किस्से संपत नाहीत! त्यातून आकडेमोडीचं मशीन आलं, मग तर विचारूच नका.

आलं तेही जीपमधून, गादीवर बसून! हँडल फिरवलं की गुणाकार, उलटं फिरवलं की भागाकार. साहेब खूश. "आता नानांना एक्स्टेंशन कशाला?" म्हणाले.

नाना म्हणजे संस्थानच्या काळापासूनचे, आता निवृत्तीला टेकलेले कारकून. क्षेत्रफळं तोंडी काढायचे. दोन मुलं अजून शाळेत, आणि एक्स्टेंशनचा कागद साहेबांच्या टेबलावर बिनसहीचा!

*

शिपाई भेरूलालने मशीनकडे बोट दाखवून मला विचारलं, "भिया, इसमें दिमाग किधर है?"

मी झाकण उघडलं. नुसती दातेरी चाकं!

"कुछ नी है इसमें!" तो हसला.

नाना म्हणाले, "तुझ्या टाळूचं झाकण उघडलं तर काय गणिताचं पुस्तक निघणार आहे?"

*

भागाकाराचा नियम एकच. घंटी वाजेपर्यंत हँडल फिरवायचं. आमच्या ऑफिसातल्या बंडूने गंमत म्हणून शून्याने भागायला घेतलं. घंटी वाजेचना! हा आपला फिरवतोय, फिरवतोय. शर्ट चिंब.

नाना ओरडले, "अरे, थांब की!"

"घंटी कुठे वाजलीय?"

"साहेबांना सांगा," नाना म्हणाले, "मशिनं दोन आहेत. एकाला डबा लागतो!"

*

बदनावरकडे मोजणीच्या गाडीचा बैल हद्दीच्या प्रत्येक दगडापाशी आपोआप थांबायचा. साहेब थक्क. "काय बुद्धी आहे!"

गाडीवान म्हणाला, "है तो सही साब. हर पत्थर पे आप उतर के सिगरेट पीते हो, वो जान गया!"

*

शेवटी साहेबांनी नानांची नि मशीनची परीक्षाच लावली. धरमपुरीचं एक तिकोनी शेत. बाजू एकशेवीस, साठ, पन्नास फूट. मोठ्या बाजूवर लंब तीस. मी हँडल फिरवलं. "अठराशे चौरस फूट!"

नाना कागदाकडे नुसते बघत बसलेले.

"नाना, उत्तर?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, साठ नि पन्नास एकशेदहा. एकशेवीसच्या दोन टोकांवरून निघालेले हे बांध एकमेकांना भेटणारच नाहीत. असं शेत पृथ्वीवर नाही. मोजणी चुकलीय."

साहेबांनी कागद दोनदा पाहिला.

"मग मशीनने उत्तर दिलं कसं?"

"तुम्ही विचारलंत, त्यानं गुणलं."

साहेबांनी एक्स्टेंशनवर तिथल्या तिथे सही ठोकली. "उद्या स्वतः धरमपुरीला जा, नीट मोजून या!"

नाना दारापर्यंत गेले, आणि वळले.

"साहेब, जीप मिळेल का? मशीनलाही नेईन म्हणतो. बिचाऱ्यानं अजून एकही शेत पाहिलेलं नाही!"