नंतरची भर

भांडण माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं, पण ते जिंकायला मला हेरिटेजच्या नियमांतले शब्द शिकावे लागले. इतवारीतल्या आमच्या घराला रस्त्यावर पुढे आलेली लाकडी गॅलरी आहे. भावाला ती पाडून खाली शटर, वर काच, असं चकचकीत कपड्यांचं दुकान काढायचं होतं. आमची गल्ली मात्र संरक्षित भागात येते. परवानगीशिवाय खिळाही हलवता येत नाही.

परवानगी मिळणारच नाही, म्हणून मी निवांत होते. पण तपासणीला आलेल्या वास्तुतज्ज्ञ बाईंनी मान वर करून गॅलरी पाहिली आणि मलाच गार केलं. जपायचा तो मूळ बांधकामाचा दर्शनी भाग, त्या म्हणाल्या. गॅलरीच्या तुळया मागाहून भिंत फोडून बसवल्यात, म्हणजे ही 'नंतरची भर'. काढायला हरकत नाही. भावाने त्यांच्यासाठी लगेच चहा मागवला.

माझं डोकंच फिरलं. मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली बाई, पण भाजी निवडता निवडता अख्खी नियमावली वाचून काढली. नंतरच्या भरीलाही काळाच्या ओघात स्वतःचं महत्त्व आलं असेल, तर तीही जपावी, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं. आता ते महत्त्व दाखवायचं होतं.

आम्ही कोष्टी. ही गॅलरी आजोबांनी बांधली ती खळ लावलेलं सूत वाळवायला. दोन टोकांच्या खांबांना दोरी ताणायची, दोरीवर लडी टांगायच्या. माग कधीच गेले, पण दोरीने खांबांवर पाडलेल्या खाचा राहिल्या. माझ्या अर्जावरून बाई पुन्हा आल्या तेव्हा मी त्याच खाचांत दोरी बसवली आणि सुताच्या ओल्या लडी टांगल्या. दोरी मधोमध लोंबली, लडी खालच्या फळ्यांवर लोळायला लागल्या. मी गाठ सोडून दोरी पुन्हा ओढली. ती पुन्हा लोंबली.

दारात उभा असलेला भाऊ बघत होता. त्याला ते बघवेना. पुढे येऊन त्याने दोरीचं टोक माझ्या हातातून घेतलं, खांबाच्या बुडाशी पाय रोवला, अंग मागे टाकून दोरी ओढली आणि बाबा मारायचे तशी गाठ मारली. दोरी ताठ झाली. त्याने पाय काढला तेव्हा दिसलं, तिथलं लाकूड टाच बसेल एवढं झिजलेलं होतं. इतकी वर्षं त्या घरात राहून मी ते पाहिलं नव्हतं.

बाई खाली बसून त्या खळग्यावरून हात फिरवत राहिल्या. भाऊच म्हणाला, “काढा म्हनून मीच मांगं लागलो होतो, मॅडम. आता नोका काढू.”

गॅलरी जपण्याजोगी भर ठरली. दुरुस्ती करायची ती सागाला साग लावूनच. विनय वगैरे मला जमत नाही. गल्लीत भेटेल त्याला थांबवून सांगत सुटले, आणि भावाला विचारलं, “काहून गा, काच नाही लावत आता?” तो नुसता हसला.

सुतार आला आणि किडके खांब बदलायला म्हणून त्याने त्या झिजलेल्या खांबालाही पटाशी लावली. भावाने त्याचा हात धरला.

“याले नोको बदलू. बाबाचा पाय हाये इथं.”

मी खाली उभी राहून बघत होते, मला तिथंच भर रस्त्यात रडू फुटलं. आपण जिंकलो, हे खरं तर तेव्हा वाटलं.