वही घेऊन आलेली बाई

कोथरूडच्या सोसायटीत राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली होती, आणि कादंबरी लिहीत होते कसबा पेठेतल्या माझ्या माहेरच्या गल्लीवर. खराडीकडे आयटीच्या नोकऱ्या आल्या, जागांचे भाव चढले आणि बिल्डरांची माणसं जुन्या पेठांतही फिरू लागली, तेव्हाची गोष्ट. गल्ली जाण्याआधी टिपून ठेवावी म्हणून मी रोज सकाळी वही घेऊन जायचे. कोण कधीपासून राहतं, कोण सोडून गेलं, विचारायचे.

पहिल्या दिवशी चहा मिळाला. चौथ्या दिवशी मला पाहून एक दार लागलं.

गल्लीच्या तोंडाशी बाइंडर चाचांचं दुकान होतं. माझी शाळेची पुस्तकं त्यांनीच बांधलेली. त्यांनी मला आत बोलावलं, पण बसा म्हणाले नाहीत.

"ताई, खरं सांगा. कोणाकडून आलात?"

मी कादंबरीचं सांगितलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, की गेल्या महिन्यात एक माणूस शाळेसाठी पाहणी करतोय म्हणून आला होता. नंतर तोच बिल्डरबरोबर दिसला. मग त्यांनी वही मागितली. राग आला, तरी दिली.

उभ्याउभ्या त्यांनी पानं वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मीच लिहिलं होतं : 'बाइंडर. तीन पिढ्या भाडेकरू. कागदपत्रं नसावीत.'

"हे गोष्टीत कशाला लागतं?"

त्यांनी पट्टी लावून ते पान सफाईने कापून घेतलं आणि वही परत दिली.

घरी येईपर्यंत धुसफुसत होते. जिथे वाढले तिथेच माझ्यावर संशय? पण ती ओळ माझीच होती. बिल्डरच्या माणसानेही नेमकं तेच टिपलं असतं. कादंबरीची लिहून झालेली पानं पुन्हा वाचली, तर त्यांतली निवेदिका न विचारता सगळ्यांच्या घरात शिरत होती आणि कोणी तिला अडवत नव्हतं. आता मलाच तिचा संशय यायला लागला. ती पानं बाजूला ठेवली. नव्या मसुद्यात वही घेऊन आलेली बाई आली, आणि तिला पाहून दारं लावणारी माणसं. त्यांच्याबद्दल जे कळलं नाही, ते कळलं नाही असंच ठेवलं.

कादंबरी छापून आली तेव्हा अर्धी गल्ली पाडून झाली होती. चाचांचं दुकान अजून उभं होतं. मी प्रत दिली. त्यांनी आधी पुस्तकाची पाठ दाबून पाहिली. म्हणाले, नुसतं चिकटवलंय, शिवलेलं नाही, टिकायचं नाही. मग विचारलं, "यात आमचा पत्ता आहे?"

"नाही," मी म्हणाले.

तरी त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून बघायला सुरुवात केली.