एक बस चुकवायची आहे

अपंग तरुणांच्या मानसिक आरोग्याच्या एका अभ्यासासाठी मी कात्रजला घरोघर प्रश्न विचारत फिरत होते. लिफ्ट नसलेल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर ती भेटली. विशीतली, व्हीलचेअर खिडकीला लावून खालचा बसथांबा बघत बसलेली. बोलताना चाकावरून अंगठा फिरवत राहायची, आत्ता निघायचंच असल्यासारखी.

मी प्रश्न तिला विचारायचे आणि उत्तर तिची आई द्यायची. "उदास? छे हो. तिला कुठं जायचं म्हटलं की बाबा उचलून खाली नेतात."

"आई, चहा टाक ना," ती म्हणाली. "आणि चांगला उकळू दे."

आई आत गेल्यावर मी विचारलं, "काय करावंसं वाटतं तुला?"

"एकटीनं स्वारगेटला जाऊन बस चुकवायचीय."

मी हसले. ती हसली नाही.

"खरंच, ताई. माझं जाणं-येणं सगळं आधी ठरलेलं असतं. एकदा माझ्यामुळे उशीर व्हायला हवाय. घरी येऊन बोलणी खायचीत."

आमच्या प्रश्नांत झोप होती, भूक होती. जिना नव्हता, बसची उंच पायरी नव्हती. माणसाला वर अडकवून ठेवायचं आणि मग मन कसं आहे म्हणून विचारायचं, याची मला चीड आली.

निघताना ती म्हणाली, "बसनंच जाणार ना? एखादी सोडून द्या माझ्यासाठी."

थांब्यावर स्वारगेटची बस आली. बसायला जागाही होती. मी ती जाऊ दिली आणि वर खिडकीकडे पाहिलं. ती बसकडे बघत होती, वळणाआड जाईपर्यंत.