रोझबायने नेलेली शिडी

रोझबाय गेल्याचं कळलं तेव्हा मी बाजारात बांगडे घेत होतो. चर्चची घंटा थांबून थांबून वाजायला लागली, मासळीवालीने हातातला बांगडा तसाच धरून कान दिला आणि म्हणाली, "पास्कूदा, तुमची रोझबाय गेली रे!" आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो माझ्या शिडीचा. चार वर्षं झाली, ती तिच्याकडेच होती. लाज वाटते लिहायला... पण रोझबायबद्दल लिहायचं आणि थापा मारायच्या, तर ती कबरीतून उठून माझा कान पिळेल.

रोझलीन तिचं नाव. मिशनच्या दवाखान्यात ती मलमपट्टी करायची. दवाखाना लहान आणि पेशंट लांबलांबचे, म्हणून आठवड्यातून दोनतीन दिवस पत्र्याची पेटी घेऊन गावोगाव निघायची. मी तेव्हा एसटीत कंडक्टर होतो. आंबोलीच्या गाडीला ती नेमाने असायची. पदराखाली जपमाळ, ओठ हलत असलेले. घाटाच्या पायथ्याला ती उतरली की कुणीतरी पाय सुजलेला शेतकरी तिची वाट बघत बसलेला दिसायचा. ती तिथेच दगडावर बसकण मारून तो चिखलाचा पाय मांडीवर घ्यायची. मी घंटी द्यायला हमखास उशीर करायचो आणि ड्रायव्हरच्या शिव्या खायचो. एकदा एका प्रवाशाने मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय गो बाय, आमका किरिस्तांव करूक फिरतंस काय?"  रोझबाय शांतपणे म्हणाली, "आधी मी तरी होवंदे रे. पन्नास वर्सां झाली, अजून जमूक नाय." तो माणूसच आधी हसला. पुढे त्याच्या आईच्या पायाची जखम तिनेच भरून काढली.

तिला एकच खोड होती. लोकांच्या वस्तू उसन्या न्यायची आणि परत द्यायची नाही. शेजारच्या, एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावांचे दोन आडाळे तिच्याकडे. घरात नारळ खवायचा एक आडाळा पुरतो, पण हिला दोन लागायचे. फादरांची छत्री, रापणीचं जाळं ओढणाऱ्या एका दारुड्या रापणकाराचा टॉर्च, असं बरंच काही. वाडीत म्हणायचे, रोझबायक दिलां म्हणजे दर्यात टाकलां. मागायला गेलं की तिचं उत्तर ठरलेलं. "रवांदे रे. माझां काम जावूक नाय अजून."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. माझी बायको लवकर गेली, मुलगी लीना मीच वाढवली. नाताळच्या आधी बांबूच्या कामट्यांचं, रंगीत कागदाचं मोठं नक्षत्र, चांदणीच्या आकाराचा कंदील, करून आम्ही घराच्या कोन्यावर टांगायचो. मी शिडीवर, लीना खाली शिडी धरून. शिडीची सगळ्यात वरची पायरी सैल होती. मी तिच्यावर पाय ठेवला रे ठेवला की खालून आरोळी यायची, "पप्पा, वयली पायरी!" दरवर्षी ती पायरी ठोकायचं ठरायचं आणि दरवर्षी राहायचं. खरं सांगू? ती आरोळी मला आवडायची.

चार वर्षांपूर्वी लीनाने इन्सुलीच्या संदेशशी कोर्टात लग्न केलं. मुलगा हिंदू, कष्टाळू, सभ्य. हे सगळं मला आज लिहिता येतं. तेव्हा मी त्याचं नावही तोंडातून काढलं नाही. 'तो' म्हणायचो. लीना दोनदा दारात आली, दोन्ही वेळा मी आतून कडी लावून बसलो. मग गेलो रोझबायकडे. म्हटलं, "रोझबाय, तुझां देव आयकता. माझ्या चेडवाचां मन बदलूंदे म्हणान माग."  ती म्हणाली, "मागतंय. तुझी शिडी जरा दी." मला रागच आला. इथे माझं घर फुटलंय आणि हिला शिडी हवीय! तिच्या अंगणात चढण्यासारखं एक झाड नव्हतं. तरी दिली. त्या वर्षीपासून मी नक्षत्र लावलं नाही.

दवाखान्याच्या कामाने ती इन्सुलीकडे जायची तेव्हा लीनाला भेटून यायची. "बरी आसा चेडू," एवढंच सांगायची. मी बांगड्याचे काटे काढत बसायचो. गेल्या वर्षी लीनाला मुलगी झाली. ती बातमी घेऊन रोझबाय काठी टेकत आली, तिच्याने धड चालवत नव्हतं. मी कंडक्टरच्या आवाजात ओरडलो, "माका सांगू नको! इतकी वर्सां मागतंस, काय झालां? आणि माझी शिडी आधी परत दी!" ती म्हणाली, "शिडी आज देवचंय नाय, पास्कू." आणि निघून गेली. तिच्याशी माझं हे शेवटचं धड बोलणं. पुढे ती अंथरुणाला खिळली तेव्हा गेलो होतो. धाप लागलेली. मला बघून तिने भिंतीला टेकलेल्या शिडीकडे बोट केलं. "नाताळाक... न्हेशील मां?" मला वाटलं, भ्रम झालाय. 'न्हेन' म्हणून उठलो.

तिच्या महिन्याच्या मिसेनंतर, चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, तिची भाची सबीना हिने सगळ्यांना घरी बोलावलं. ओसरीवर चटई पसरून उसन्या वस्तू ओळीने मांडलेल्या. मग सबीना सांगायला लागली. रोझबाय ज्याच्यासाठी प्रार्थना करायची, त्याची एक वस्तू मागून आणून नजरेसमोर ठेवायची. केर काढताना, चूल पेटवताना ती दिसली की ओठ हलायचे. "मावशी म्हणी, देवाकडे ज्याच्यासाठी मागूचां, तेच्याकडे आपणव कायतरी मागूचां. नायतर आपण मोठे आणि तो बापडो, असां होता." दोन्ही जावा आपापला आडाळा उचलताना एकमेकींकडे बघून एकदम रडायलाच लागल्या. फादरांनी छत्री घेतली आणि विचारलं, "माझं काय बदलायचं होतं?" सबीना लाजत म्हणाली, "तुमचां प्रवचन... थोडां लांब होता म्हणी." फादर सगळ्यांत मोठ्याने हसले.

मी शिडीला हात लावला नाही. विचारलं, "पण मी लीनासाठी मागूक सांगितलेलंय. लीनाची वस्तू खंय आसा?"

"लीनाची कायेक नाय, पास्कूकाका," सबीना म्हणाली. "मावशेन सांगलेलां, लीनासाठी मागण्यासारखां काय नाय. शिडी मात्र चार वर्सां हडेच भिंतीक टेकून होती."

शिडी खांद्यावर टाकून घरी आलो, भिंतीला आदळली आणि दोन दिवस तिच्याकडे पाठ करून बसलो. राग होता, खोटं का बोला. मी मुलीची तक्रार घेऊन गेलो आणि या बाईने माझ्यावरच खटला चालवला! एसटीत तक्रार-पुस्तक असायचं. प्रवासी माझ्याविरुद्ध त्यात लिहायचे आणि मी ते सीटखाली सरकवून ठेवायचो. देवाकडे जाताना मात्र मी आयुष्यभर दुसऱ्यांच्याच तक्रारी लिहून नेल्या. आणि ही बाई चार वर्षं रोज माझी शिडी बघत होती, माझ्या शिव्या खात होती आणि माझ्यासाठी मागत होती. तिसऱ्या दिवशी मला रडू आलं. बायको गेली तेव्हा आलं होतं, त्यानंतर आत्ताच.

लीनाचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. रोझबायनेच कुणाकडून तरी घालून घेतलेला, मी पुसलेला नव्हता. शिडीशेजारी उभा राहून लावला.

"कोण?"

"मी." मग म्हटलं, "शिडी इली घराक."

"खंयची शिडी?"

"आपली. नक्षत्र लावचां आसा. धरूक कोण नाय."

पलीकडून एका लहान पोरीचं बोबडं बोलणं ऐकू आलं. मग लीनाचा आवाज आला, अगदी पूर्वीचा.

"पप्पा, वयली पायरी सैल आसा. मी येयसर चढू नको."

मी वर बघितलं. ती पायरी दोन्ही टोकांना सुंभाने आवळून बांधलेली होती. पट्टी सुटू नये म्हणून घाटाखालच्या माणसांच्या पायाला रोझबाय जशी गाठ मारायची, तशीच गाठ. हात उंच करून पायरी हलवून पाहिली. हलली नाही.

"होय गो," मी म्हटलं, "सैलच आसा. चढूचंय नाय. तू ये... आणि संदेशाकव घेवन ये."