रास्ता रोकोच्या दिवशी अक्का गाडीने आली

या सदरातले अतर्क्य अनुभव मी बरीच वर्षे वाचतो आहे, आणि खरे सांगायचे तर वाचताना बहुतेक वेळा हसलो आहे. पाचोऱ्यात तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून मी लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे लिहून देतो. माणसे शपथेवर काय काय सांगतात, ते मला पुरेसे ठाऊक आहे. त्यामुळे ‘मी स्वतः पाहिले’ असे कोणी म्हणाले, की माझा पहिला प्रश्न असतो — आणखी कोणी पाहिले? आज तोच प्रश्न मला विचारला, तर माझ्याकडे उत्तर नाही.

हे मी घाबरून लिहीत नाही, रागाने लिहितो आहे. माझा स्वभाव रागाचा नव्हे. तुम्ही भांडतानाही अर्ज केल्यासारखे भांडता, असे माझी पत्नी म्हणते. तरीही.

पाचोरा ते जामनेर ही आमची छोटी गाडी. सगळे तिला ‘पीजे’ म्हणत. कोरोनात बंद पडली, ती पुन्हा धावली नाही. फाटकवाला त्या गाडीतच बसलेला असे. फाटकाशी गाडी थांबायची, तो उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, आणि हा फाटक उघडून धावत येऊन चढायचा. बाहेरगावचे लोक हे पाहून हसत. पण दूधवाले, कॉलेजच्या मुली, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे, सगळी त्याच गाडीवर अवलंबून होती. आता मोठी लाइन होणार, पुढे बोदवडपर्यंत जाणार, असे सांगतात. होवो. आमच्या कृती समितीचे म्हणणे एवढेच होते की त्या लाइनवर सकाळ-संध्याकाळ माणसांसाठी एक लोकल गाडी द्या, आणि तोपर्यंत जादा बस सोडा. समितीची सगळी निवेदने माझ्या हातची. एका बैठकीत एक साहेब मला म्हणाले, ‘‘एवढे प्रवासी आहेत कुठे?’’ गाडी नसताना प्रवासी फलाटावर उभे राहून काय करणार होते, हे मी त्यांना विचारायला हवे होते. मी मात्र ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली’ असे म्हणून खाली बसलो.

माझी थोरली बहीण अक्का वरखेडीच्या पुढे एका खेड्यात राहते. गावाचे नाव लिहीत नाही. तिथे आणखी गर्दी नको आहे. मेहुणे गेले, मूलबाळ नाही, दोन म्हशी आहेत. किडन्या निकामी झाल्यामुळे तिला आठवड्यातून दोनदा पाचोऱ्याला डायलिसिससाठी यावे लागते. एक पाळी चुकली की पाय सुजतात, धाप लागते. दोन चुकल्या तर... डॉक्टरांनी ते वाक्य पूर्ण केले नव्हते. माझ्याकडे राहायला ये, असे मी अनेकदा म्हटले. तिचे उत्तर ठरलेले — ‘‘आनि म्हशी? त्या तुन्हा टेबलखाले बांधू का?’’ शेवटी गावातल्या रफिकची रिक्षा ठरवली. तो तिला आणायचा आणि परत न्यायचा.

निवेदनांचा उपयोग होईना, तेव्हा समितीने वरखेडीच्या अलीकडे रास्ता रोको ठरवला. पत्रक मीच लिहिले. ‘रुग्णवाहिकांना वाट मोकळी ठेवली जाईल’ हे वाक्य आग्रहाने घातले. तो अक्काच्या डायलिसिसचा दिवस आहे, हेही माझ्या लक्षात होते. रफिकला अडवायचे नाही, असे मी कार्यकर्त्यांना बजावले होते. तेवढ्यावर मी निर्धास्त झालो.

त्या सकाळी रस्त्यावर चांगली माणसे जमली. घोषणा सुरू होत्या. आमचे अध्यक्ष नाना — बियाण्यांचे दुकान चालवतात, आवाज खणखणीत — माईकवरून रेल्वेचा उद्धार करत होते. त्या गर्दीत, पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेला मला रफिक दिसला.

मी वाकून विचारले, ‘‘अक्काला लवकर सोडून आलास का रे?’’

तो गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला. ‘‘नाही काका. आज तर बंदच ना? तुम्हीच लिहिलंय पत्रकात, एकही चाक फिरणार नाही. मी वाचलं ना!’’

त्याच्या चेहऱ्यावर मला साथ दिल्याचा आनंद होता. मी खिशातून फोन काढला.

अक्काचा फोन लागेना. एकाची मोटारसायकल मागून मी गावाकडे निघालो. रस्त्यावर खरोखरच एकही चाक फिरत नव्हते. अक्काच्या दाराला कुलूप. म्हशींपुढे चारा टाकलेला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘‘पिशवी लिसन स्टेशनकडे गयी ना ती. मी सांगं, आज रिक्षा नही. तं म्हने, देखू काहीतरी.’’

स्टेशन म्हणजे छप्पर उडालेला थांबा आहे. रुळांवर पुरुषभर बाभळी उगवल्या आहेत, आणि पुढच्या नाल्यावरचे रूळ तर कधीच उचलून नेले आहेत. तिथे कोणी नव्हते. मी हाका मारल्या. बाभळीत शिरून पाहिले, हात ओरबाडून घेतले. अंगणातून गोठ्यापर्यंत जाताना दोनदा टेकणारी बाई कुठे गेली असेल? मग सगळा रस्ता दोन्ही बाजूंचे चर पाहत पाचोऱ्याला आलो. आमच्याच माणसांनी मला अडवले. ‘‘भाऊ, तुम्हीच मोडता का बंद?’’ असे हसून विचारले.

डायलिसिसच्या खोलीत अक्का नेहमीच्या खाटेवर होती. मशीन सुरू होते.

सिस्टरना विचारले, तर त्या म्हणाल्या, ‘‘आल्या की वेळेवर. एकट्याच आल्या. का हो?’’

अक्काने डोळे उघडले. ‘‘इतला घामाघूम कसाले व्हयना भाऊ?’’

‘‘अक्का, तू कशी उनी?’’

‘‘गाडीवर.’’

‘‘कोनती गाडी?’’

‘‘आपली पीजे. दुसरी कोनती शे?’’ ती सहज सांगत होती. ‘‘फाटकजवळ कितला येळ थांबनी! फाटकवर बकरी बशेल व्हती, उठेच ना. गाडीमातल्या बाया त्या फाटकवालाले शिव्या दी राह्यन्त्यात. माले वाटनं, तुम्हना रास्ता रोकोले भ्याई गयात, गाडी सुरू करी दिधी.’’

एवढे बोलून ती हसली. मी तिच्या पायांकडे पाहिले. धूळ नव्हती, काटा नव्हता. लुगड्याला साधा दोराही निघालेला नव्हता.

यावर तुम्ही जे म्हणाल, ते सगळे माझे स्वतःला म्हणून झाले आहे. कोणी मोटारसायकलवर आणले असेल. आजारात भ्रम झाला असेल. पुढचे कित्येक दिवस मी वाटेवरच्या प्रत्येक गावात विचारत फिरलो. नंतर तर अशी वेळ आली की ‘मीच आणले’ म्हणणाऱ्याला हार मिळाले असते. तरी कोणी पुढे आले नाही. आणि भ्रम म्हणावा, तर भ्रमाने माणूस पाचोऱ्यात पोहोचत नाही.

माझी चूक पुढची. हे मी नानांना सांगितले. मन हलके करावे, एवढाच हेतू होता. नाना मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘‘भाऊ, निवेदनानं जे होत नाही ते आता होतं, बघा! हे छापून येऊ द्या.’’

‘‘नाना, ती आजारी बाई आहे.’’

‘‘म्हणूनच तर!’’

छापून आले. मोबाइलवर फिरले. थांब्यावर प्रथम कोणीतरी नारळ फोडला. मग मोडक्या बाकाला शेंदूर लागला. मग अगरबत्त्या, हार, कुल्फीची गाडी. एक पुढारी आले, गाडीबद्दल एक अक्षर न काढता म्हणाले, या जागृत स्थानी आम्ही सभामंडप देऊ. टाळ्या पडल्या. नानांनीही वाजवल्या! इतकी वर्षे जादा बससाठी अर्ज करत होतो, तेव्हा पैसा नव्हता. मंडपाला मात्र दोन वाक्यांत मिळाला. ‘प्रवासी आहेत कुठे’ म्हणणाऱ्यांपैकी एक साहेबही दर्शनाला येऊन गेले, सहकुटुंब, सरकारी गाडीतून.

भूमिपूजनही नेमके अक्काच्या डायलिसिसच्या दिवशी ठेवले. मी आदल्या दिवशी नानांकडे जाऊन हात जोडले. ते म्हणाले, ‘‘मुहूर्त गुरुजींनी काढला, भाऊ. आणि अक्काच नसल्या तर लोक कोणाला बघतील?’’

मी सकाळीच गावात पोहोचलो. रफिक रिक्षा घेऊन दारात होता, पण गल्लीत गाड्याच गाड्या. बायकांनी अक्काला थांब्यावर नेऊन खुर्चीत बसवले होते आणि तिची ओटी भरत होत्या. तिचे पाय सुजले होते. श्वास पुरत नव्हता. एक बाई तिच्या गुडघ्यावर डोके ठेवून म्हणत होती, ‘‘अक्का, गाडीले बलाव ना व माय, एकडाव बलाव.’’

‘‘मी काय देवी शे का?’’ अक्का ओरडली. आवाज फुटत नव्हता, तरी ओरडली. ‘‘माले दवाखानामा जानं शे! सोडा माले!’’

लोकांनी हात जोडले. देवी रागावली, असे कोणीतरी म्हणाले.

मग मी काय बोललो, ते इथे लिहिता येणार नाही. पूजेचे ताट मी लाथेने उडवले. नानांची कॉलर धरली. आयुष्यात कोणावर हात टाकला नव्हता. त्याची मला लाज वाटते, आणि पुन्हा तसेच करीन असेही वाटते... दोन्ही खरे आहे. रफिकने आणि मी अक्काला खुर्चीसकट उचलले आणि शेतातून चालत रस्त्यापर्यंत नेले. तिथून वाहन मिळून दवाखाना गाठेपर्यंत दुपार टळून गेली होती. तिला ऑक्सिजनवर ठेवावे लागले.

ती वाचली. म्हशी विकल्या. आता ती माझ्याकडे असते, पलंगावरून फारशी उठत नाही. पाचोऱ्याच्या स्टेशनात मोठ्या गाडीचा भोंगा वाजतो, तेव्हा तोंड भिंतीकडे फिरवते. त्या दिवसाबद्दल विचारले, तर एकच म्हणते, ‘‘उनू ना मी? मंग झायं.’’

ती कशी आली, ते मला माहीत नाही. बाभळी तशाच उभ्या आहेत, नाल्यावर रूळ नाहीत. मंडपाचे खांब मात्र उभे राहिले. आजही टेबलाशी लोक येऊन विचारतात — गाडी कोणत्या रंगाची होती, इंजिन होते का, पुन्हा कधी येणार. परगावचेही विचारतात. अक्का कशी आहे, हे अजून एकानेही विचारलेले नाही.