पलीकडच्या रांगेचा दिवस

नैसर्गिक साधनसंपत्तीच्या अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या माणसाच्या घरात, त्याच्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते त्याच सकाळी, पाण्याचा थेंब नव्हता.

हा विषय मी का घेतला, ते मला आजही सांगता येत नाही. नव्वदच्या दशकात आमच्या लिंबायत या खानदेशी कामगारवस्तीतली पोरं कापडाच्या लूमवर जात, नाहीतर रिक्षा चालवत. मी मात्र जंगल, जमीन, पाणी असं जे सगळ्यांचं असतं ते संपतं कसं, हे शिकत बसलो होतो. आप्पा नातेवाइकांना सांगत, पोरगा जंगलखात्यात लागणार. समजावून थकल्यावर मीही तेच सांगू लागलो.

लघुप्रबंधासाठी सगळ्यांच्या मालकीची एखादी वस्तू हवी होती. सर त्यांच्या गुजरातीत म्हणाले, "घर पासे कंई होय तो ए लई लो." आमच्या घराजवळ सगळ्यांचं असं एकच होतं, गल्लीतला नळ.

नळावर आधी हंड्यांची रांग लागायची. पण कुणाकडे पाहुणे, बाळंतीण किंवा दुखवटा असला, की तिचा हंडा न बोलता पुढे सरकायचा. (बायकांना यात काहीच गैर वाटत नव्हतं, हे मला फारच गैर वाटलं!) मी शास्त्रशुद्ध योजना काढली. एक दिवस गल्लीतल्या अलीकडच्या घरांच्या रांगेचा, एक दिवस पलीकडच्या, आणि सवलत कुणालाही नाही. ओट्यावर उभा राहून मी ती समजावली. कुणी ऐकत नव्हतं. फक्त नळावर जिचा शब्द चालायचा त्या यशोदामावशींना ती पटली. पुढच्याच आठवड्यात त्यांचा जावई आला आणि त्या हंडा घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना नियम म्हणजे नियम असं सांगून परत पाठवलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

आणि मग नंदुरबारहून निरोप आला, उद्या सकाळच्या गाडीने मुलगी बघायला येतोय. सुमीची आधीची स्थळं कुठे ना कुठे अडली होती, हे मात्र तिला मनापासून हवं होतं. आईने घरातलं सगळं पाणी वापरून फरशी, पडदे, पितळी भांडी घासूनपुसून लख्ख केली. सकाळी नळावर आपला हंडा पहिला, हे तिने धरूनच चाललं होतं. लेकाचा नियम लेकाच्या आईला लागू होतो, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

सकाळी दिवस पलीकडच्या रांगेचा निघाला. आई रिकामा हंडा घेऊन परत आली आणि तो तिने माझ्यापुढे आदळला. मी धावलो. मावशी शांतपणे म्हणाल्या, "नियम तुन्हाच शे, भाऊ. मी मोडू का?"

मग मला पुस्तक आठवलं. हक्कांची अदलाबदल! पलीकडच्या एका वहिनींना मी आमची उद्याची पाळी देऊ केली, त्या तयारही झाल्या. पण अदलाबदल नियमात बसते का, यावर नळाभोवती चर्चा सुरू झाली. ती इतकी रंगली, की नळ कधी गेला ते कुणाला कळलंच नाही.

आणि पाहुणे आले. आमच्यात दारात पाय धुवायला पाणी दिल्याशिवाय पाहुणा घरात येत नाही. त्यामुळे चपला काढून ते उंबऱ्याबाहेर उभे, आणि रात्रपाळीहून आलेले आप्पा, केसांत सुताचे तंतू तसेच, त्यांच्यासमोर हात जोडून उभे. आत सुमी रडत होती. आई माझ्या कानाशी म्हणाली, "इतलं शिकना, नि घरमा गिलासभर पानी नही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वेळ काढायला मुलाच्या वडिलांनी विचारलं, "आपण काय शिकता?"

"पाणी, जंगल, जमीन सगळ्यांनी कसं वाटून घ्यावं, ते."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा आपल्या धुळीने भरलेल्या पायांकडे.

तेवढ्यात यशोदामावशी भरलेली घागर कमरेवर घेऊन आल्या. मागोमाग पलीकडच्या रांगेतल्या इतर बायका, कुणी कळशी, कुणी तांब्या घेऊन. मी काहीतरी आभाराचं बोलायला तोंड उघडलं.

"पोर आम्हनी बी शे," मावशी म्हणाल्या. "सरक."

मी सरकलो. पाय धुतले गेले, चहा झाला, पोहे झाले. सुमी डोळे पुसून बाहेर आली आणि मुलगा तिच्याकडे बघून हसला. तोवर बायकांनी माझ्या योजनेची सगळी कथा पाहुण्यांना तिखटमीठ लावून सांगितली होती.

महिन्याभरात होकार आला. मुलाकडची माणसं साधी, देण्याघेण्याचं अवाक्षर नाही. अट एकच होती, लग्नात पाण्याची व्यवस्था नवरीच्या भावाकडे नको.