पेन्सिलअण्णांची मोजणी

सभेत मतदानाला हात वर झाले की पेन्सिलअण्णा खुर्चीत बसून मोजत नसत. रांगेतून फिरत, प्रत्येक हाताला पेन्सिलीचं मागचं टोक लावत आणि म्हणत, "धरला. आता खाली घ्या." तिसगावला ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आमची संस्था वसतिगृह चालवते. अण्णा तिचे अध्यक्ष, मी चिटणीस.

किराणा दुकानवाले भाऊसाहेब हात वर धरून कंटाळत. "अण्णा, मान्सं मोजताय का मेंढरं?"

"मेंढरं सोपी. त्यास्नी मत नसतं."

एका हंगामात मात्र ही मोजणी जड गेली. खर्च झेपत नाही, वसतिगृह बंद करू, असा ठराव भाऊसाहेबांनी आणला. मुलांचे आईबापही सभासद, पण बहुतेक पुणतांब्याकडे तोडीला गेलेले. अण्णांना वसतिगृह चालू हवं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठरावाच्या बाजूने सतरा हात, विरोधात सोळा. तेवढ्यात कुणीतरी मोबाईल पुढे केला. पडद्यावर एका मुलीची आई हिराबाई, उसाच्या फडात उभ्या, हात वर.

"अण्णा, माझा बी हात धरा. पोरगी तिथंच ऱ्हाऊ द्या."

तो हात धरला असता तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरीत निर्णायक मत अध्यक्षाचं. अण्णांनी पेन्सिल उचलली आणि परत खिशात ठेवली.

"हिराबाई, संस्थेच्या घटनेत हजर सभासद म्हणलंय. तू हजर न्हाईस."

वसतिगृह बंद झालं. हिराबाईंची मुलगी आईपाठोपाठ फडात गेली. सभेच्या दिवशीच घरी जाताना मी अण्णांना बरंच बोललो होतो. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आज माझ्या सोयीचा हात धरला, तर उद्या दुसऱ्याच्या सोयीचा बी धरावा लागंल." मुलगी गेल्याचं कळलं त्या दिवशी मात्र स्वतःहून म्हणाले, "पोर फडात गेली ती माझ्यामुळं. ते बी मोजायचं."

उन्हाळ्यात तोडीवरची माणसं परतली. त्यांनी सभा मागितली आणि हजर राहून वसतिगृह पुन्हा सुरू केलं. त्यात भाऊसाहेबांचाही हात होता. त्यावर अण्णांनी पेन्सिल जरा जोरातच टेकवली.

फोनवरचा हातही धरावा, अशी घटनादुरुस्ती पुढे अण्णांनीच सुचवली. तिला दोन-तृतीयांश मतं लागत होती. सभेच्या दिवशी अण्णा नगरला दवाखान्यात, अध्यक्षाच्या खुर्चीत मी. एक मत कमी पडलं. मोबाईलवर अण्णा होते, सलाईन लावलेला हात वर करून. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पेन्सिल खाली ठेवली.

"ठराव पडला, अण्णा."

"पडला तर पडला म्हनून लिव्ह," ते म्हणाले, आणि हात खाली घेतला.

दवाखान्यातून ते परतले नाहीत. ठराव पुढच्या वर्षी मंजूर झाला, दुरुस्तीची रीतसर नोंदही झाली.

यंदाच्या सभेला हिराबाई फडातून फोनवर होत्या. मी रांगेतून फिरत मोबाईलपाशी आलो आणि पेन्सिलीचं मागचं टोक काचेला लावलं.

"धरला, हिराबाई. आता खाली घ्या."

त्यांनी हात लगेच खाली घेतला नाही.